'करून पहा' कोणासाठी?

आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ठिकठिकाणी चौकटी असतात. 'करून पहा', 'निरीक्षण करा', 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा' ही त्यांची शीर्षके. विज्ञान हा घोकण्याचा नव्हे, करण्याचा विषय आहे हे पुस्तककर्त्यांनी मान्य केल्याची ती खूण आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. मराठी भाषेनेही या बाबतीत मन मोठे ठेवले आहे. आपण आमटी चाखून पाहतो, फूल हुंगून पाहतो, आंबा दाबून पाहतो, दार वाजवून पाहतो, कोणाला विचारूनही पाहतो. 'पाहणे' या आपल्या क्रियापदाला डोळ्यांची सक्ती नाही. वर्गात मात्र तीच सक्ती होते. ज्या मुलाला दिसत नाही, ज्या मुलीला ऐकू येत नाही, जिचे हात थरथरतात किंवा जी चाकाच्या खुर्चीतून शाळेत येते, त्यांच्या वाट्याला 'करून पहा' क्वचितच येते. त्यांनी बसून राहायचे, इतरांनी केलेले ऐकायचे किंवा नुसते बघायचे, आणि शेवटी फळ्यावरचा निष्कर्ष वहीत उतरवून घ्यायचा.

समावेशक शिक्षणावर (शासकीय भाषेत 'समावेशित' शिक्षणावर) गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात प्रवेश, प्रमाणपत्र, साहित्यवाटप, भत्ता यांची चर्चा असते. विज्ञानाच्या तासाला त्या मुलाचे काय होते, याची चर्चा फारशी नसते. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढाच प्रश्न घेतला आहे. आमचे उदाहरण परभणी जिल्ह्याचे आहे, पण वाचकांना आपापल्या जिल्ह्याचे नाव तेथे घालता येईल. ही टीका कोणा एका शाळेवर किंवा शिक्षकावर नाही, ती एका रूढ झालेल्या पद्धतीवर आहे.

दारापर्यंतचा प्रवास

अपंगत्व असलेल्या मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळांतच शिकवावे, असे कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवले होते. १९७४ मध्ये केंद्र शासनाने एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने 'शाळा सर्वांसाठी' हे तत्त्व पुढे ठेवले. आपल्याकडे १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, असे टप्पे पुढे आले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. या शेवटच्या कायद्यात 'वाजवी सोय' ही एक महत्त्वाची कल्पना आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून, संस्थेवर अवाजवी भार न टाकता, करायचे आवश्यक ते बदल, असा तिचा साधारण अर्थ.

'एकात्म' आणि 'समावेशक' हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. त्यांत फरक आहे. एकात्म शिक्षणात मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचे असते; समावेशक शिक्षणात शाळेने आपली पद्धत मुलाप्रमाणे बदलायची असते. पहिल्यात मूल वर्गात बसते, दुसऱ्यात ते वर्गात शिकते. परभणी जिल्ह्यातल्या शिक्षकांशी या विषयावर बोलताना 'तो वर्गात बसतो, काही त्रास देत नाही' असे उत्तर आम्हाला वारंवार ऐकू आले. ते मायेने दिलेले असते. पण त्या उत्तरात १९७४ संपलेले नाही, हेही खरे.

शिक्षकाला दोष देण्याआधी एक साधे गणित मांडू. अशा मुलांसाठी विशेष शिक्षक किती असावेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रशाळेच्या स्तरावर एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. कंत्राटावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या विशेष शिक्षकांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. पण हिशेब असा की, एका केंद्रात दहा शाळा धरल्या आणि महिन्यात कामाचे बावीस दिवस धरले, तर एका शाळेच्या वाट्याला विशेष शिक्षक महिन्यातून दोन दिवस येतो. उरलेले वीस दिवस ते मूल कोणाचे? अर्थातच वर्गशिक्षकाचे आणि विषयशिक्षकाचे. विशेष शिक्षकाची सर्व पदे भरली गेली तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. म्हणून सहकार्य ही आवड-निवडीची बाब राहत नाही. तेवढा एकच मार्ग शिल्लक राहतो.

सवलत आणि सूट

राज्य मंडळाच्या परीक्षांत अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती मिळतात. तासामागे वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक, आकृत्या-आलेख-नकाशे काढण्यातून सूट, काही प्रवर्गांना दहावीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित, अशी त्यांची यादी आहे. या साऱ्या गोष्टी 'सवलती' या एकाच शब्दात बांधल्या जातात, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो.

जादा वेळ आणि लेखनिक यांमुळे विद्यार्थ्याला जे येते ते दाखवता येते. वाटेतला धोंडा बाजूला केला, वाट तीच राहिली. आकृतीतून आणि गणितातून सूट मिळते तेव्हा मात्र वाटच आखूड होते. पहिल्या प्रकाराला सवलत म्हणावे, दुसऱ्याला सूट. परीक्षेत एखाद्या मुलाचे वर्ष वाचवण्यासाठी सूट आवश्यक असू शकते, आणि ती काढून घ्या असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या मुलाला वर्षभर आकृती शिकवलीच नाही, त्याच्याकडून मार्चमध्ये ती मागणे हा अन्यायच होईल. आमचा आक्षेप वेगळा आहे. परीक्षेतली सूट हळूहळू वर्गात उतरते. मुलाला आकृती काढायची नाही, म्हणून ती त्याला दाखवायचीही नाही. आकृती नाही, म्हणून भिंगाचा पाठ अर्धा. भिंगाचा पाठ अर्धा, म्हणून डोळ्याचा, दुर्बिणीचा, सूक्ष्मदर्शकाचा पाठ पोकळ. दहावीनंतर मग आपण म्हणतो, 'याने कला शाखा घेतलेली बरी.' त्याच्यासाठी तो निर्णय सहावीतच कोणीतरी घेतलेला असतो आणि निर्णय घेतल्याचे कोणालाच आठवत नाही.

दृष्टिहीन मुलाला किरणाकृती कळणार नाही, असे आपण गृहीत धरतो. एक पुठ्ठा घ्या. त्यावर भिंगाच्या जागी एक पट्टी उभी चिकटवा आणि पट्टीच्या मध्यावर एक टाचणी लावा. मुख्य अक्ष म्हणून आडवी सुतळी ताणा, आणि दोन्ही बाजूंच्या नाभींवर एकेक टाचणी लावा. वस्तूच्या टोकापासून दोन दोरे काढा. एक अक्षाला समांतर जाऊन पट्टीपाशी वळतो आणि पलीकडच्या नाभीतून जातो, दुसरा भिंगाच्या मध्यातून सरळ जातो. दोरे जेथे एकमेकांना भेटतात तेथे प्रतिमा. मुलाने बोटांनी दोरे चाचपावेत, वस्तूची टाचणी भिंगाकडे सरकवावी, पुन्हा दोरे ताणावेत. भेटण्याची जागा दूर दूर जाते. वस्तू नाभीच्याही आत आणली की दोरे पलीकडे भेटतच नाहीत. वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा यांतला फरक त्याच्या बोटांना कळतो. फळ्यावरची आकृती उतरवून घेणाऱ्या चाळीस डोळस मुलांपैकी किती जणांना तो कळलेला असतो, हे एकदा तपासून पाहावे.

दृष्टी नसलेल्या माणसाला विज्ञान जमते का, या शंकेला उत्तर देण्याची खरे तर गरज उरलेली नाही. गेराट वर्माई हे डच-अमेरिकन शास्त्रज्ञ १९४६ साली जन्मले आणि तीन वर्षांचे असताना त्यांची दृष्टी पूर्ण गेली. शंखशिंपल्यांच्या उत्क्रांतीवर त्यांनी केलेले काम जगन्मान्य आहे. शंखाची जाडी, तोंडाचा आकार, खेकड्याने फोडल्यावर प्राण्याने केलेल्या डागडुजीचा व्रण, हे सारे ते बोटांनी वाचतात. भक्ष्य आणि भक्षक यांच्यात लाखो वर्षे चाललेली शस्त्रस्पर्धा त्यांनी अशा पुराव्यांवरून मांडली. आपल्याकडचे उदाहरण दिल्लीच्या कार्तिक साहनी यांचे आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला अकरावीत विज्ञान घेऊ द्यावे म्हणून त्यांना केंद्रीय मंडळाकडे पाठपुरावा करावा लागला. २०१३ मध्ये ते बारावी विज्ञान शाखेतून ९६ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेचे दार त्यांना उघडले नाही, म्हणून ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकायला गेले. या दोन उदाहरणांतून सगळीच मुले शास्त्रज्ञ होतील असे सिद्ध होत नाही, आणि तसे व्हावे अशी अपेक्षाही नाही. अडथळा डोळ्यांत किती आणि नियमांत किती, एवढे मात्र त्यातून दिसते.

पुरावा कोणाच्या हातात?

विज्ञानाच्या तासाला एखादे मूल खरोखर सामील झाले की नाही, हे ओळखण्याची एक कसोटी आम्ही सुचवतो. प्रयोगातला पुरावा त्या मुलाने स्वतः गोळा केला का? शेजाऱ्याने 'निळा झाला' असे सांगितले आणि याने 'निळा झाला' असे लिहून घेतले, तर त्याला बातमी मिळाली, पुरावा नाही. या कसोटीवर आपल्या नेहमीच्या प्रयोगांकडे पाहू.

आम्ल आणि आम्लारी ओळखण्यासाठी आपण लिटमस वापरतो. तेथे रंग हाच पुरावा. पण कांद्याचा वासही दर्शकाचे काम करतो. बारीक चिरलेल्या कांद्यासोबत सुती कापडाच्या पट्ट्या एका बंद डब्यात रात्रभर ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे आणि दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब शिक्षकांनी स्वतः टाकावेत. मग दोन्ही पट्ट्या पाण्याने धुऊन मुलांना हुंगायला द्याव्यात. आम्लाच्या पट्टीवर कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीवरून तो जातो. राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात दहावीच्या सर्वच मुलांसाठी हा प्रयोग दिलेला आहे. तो 'खास मुलांसाठीचा' प्रयोग नाही आणि त्यातच त्याची गंमत आहे.

पिष्टमय पदार्थाच्या आयोडीन परीक्षेला वास नाही, स्पर्श नाही. तेथे प्रकाशाचे ध्वनीत रूपांतर करावे लागते. प्रकाश पडला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा एक छोटा घटक बाजारात मिळतो. त्याला एलडीआर म्हणतात. ५५५ क्रमांकाच्या टायमर चिपच्या मंडलात रोधाच्या जागी हा एलडीआर जोडला आणि पुढे लहानसा स्पीकर लावला, की प्रकाश वाढल्यावर आवाजाची पट्टी चढते आणि प्रकाश घटल्यावर उतरते. आयटीआयच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्याला हे मंडल एका दुपारीत जोडता येईल. काळ्या कागदाच्या नळीत एका बाजूला विजेरी, मध्ये परीक्षानळी, दुसऱ्या बाजूला एलडीआर अशी मांडणी करावी. ज्वारीचे पीठ पाण्यात उकळून, निवळून घेतलेल्या पाण्यात आयोडीनचे थेंब पडले की द्रव निळा-काळा होतो आणि सूर एकदम खाली येतो.

येथे एक शास्त्रीय अडचण आहे आणि ती लपवू नये. हे यंत्र 'प्रकाश कमी झाला' एवढेच सांगते, 'निळा झाला' असे सांगत नाही. आयोडीनचा स्वतःचा तांबूस रंगही थोडा प्रकाश अडवतो. म्हणून साध्या पाण्यात तितकेच आयोडीन घालून दुसरी नळी तयार करावी लागते आणि दोन सुरांची तुलना करावी लागते. यालाच नियंत्रण प्रयोग म्हणतात. डोळस मुलांना शिकवताना ही दुसरी नळी आपण बहुधा गाळतो, कारण 'दिसतेच आहे'. एका मुलासाठी प्रयोग बदलावा लागला, म्हणून सगळा वर्ग काटेकोर झाला. चुन्याच्या निवळीत फुंकल्यावर ती दुधाळ होते, तो प्रयोगही याच साधनावर करता येतो.

ऐकू न येणाऱ्या मुलांची अडचण निराळी. ध्वनीच्या पाठात आपण घंटा वाजवतो, सुरकाटा कानाशी धरतो आणि ती मुलगी आपल्या तोंडाकडे बघत राहते. वास्तविक ध्वनी म्हणजे कंपन हे तिला इतरांपेक्षा चांगले कळू शकते. डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून त्यावर रवा टाकावा आणि जवळ दुसरा डबा बडवावा, रवा उडतो. फुगवलेला फुगा दोन्ही तळहातांत धरून स्पीकरसमोर उभे राहावे. ढोलकीचा ठेका हातात येतो. टेबलाच्या कडेवर पट्टी दाबून धरावी आणि पुढे आलेले टोक छेडावे. टोक लांब असेल तर पट्टी हळू हलते, ती हालचाल डोळ्यांनी मोजता येते, पण ऐकू काहीच येत नाही. कारण सेकंदाला सुमारे २० पेक्षा कमी कंपने आपले कान टिपत नाहीत. टोक आखूड केले की कंपने वाढतात, पट्टी धूसर दिसते आणि आवाज सुरू होतो. ऐकू न येणारी मुलगी आणि दृष्टिहीन मुलगा यांची जोडी येथे करून पाहावी. संथ कंपने तिने मोजायची, सूर कधी सुरू झाला हे त्याने सांगायचे, लांबी दोघांनी मिळून मोजायची. दोघांचाही पुरावा अर्धा, आणि पाठ पूर्ण होण्यासाठी दोन्ही अर्धे लागतात. सहकार्य या शब्दाचा याहून सोपा धडा आम्हाला ठाऊक नाही.

या मुलीची खरी अडचण प्रयोगापेक्षा भाषेत आहे, हेही सांगायला हवे. जिने मराठी कधी कानांनी ऐकलीच नाही, तिच्यासमोर आपण 'प्रकाशसंश्लेषण' आणि 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' असे शब्द ठेवतो. या शब्दांना आधी अनुभव द्यावा, मग खूण, मग लिपी. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेल्या शब्दकोशात आता सुमारे दहा हजार शब्दांच्या खुणा आहेत. विशेष शिक्षकाकडून महिन्याला पाठातल्या दहा खुणा साऱ्या वर्गाने शिकून घेतल्या, तर त्या मुलीला बोलायला चाळीस माणसे मिळतील.

वनस्पतींच्या बाबतीत तर परभणीच्या मुलांना साहित्य शोधावेच लागत नाही. रात्रभर भिजवलेला हरभरा किंवा तूर चिमटीत दाबली की दोन दले सुटतात. ज्वारीचा दाणा कितीही दाबला तरी तसा दुभंगत नाही. ज्वारीच्या पानाच्या शिरा बोटाला सरळ रेघांसारख्या लागतात, तर कापसाच्या पानाच्या पाठीवर शिरांचे जाळे उठून आलेले असते. ज्वारीचे धाट उपटले तर मुळांचा झुपका हाती येतो, तुरीचे उपटले तर एक सोटमूळ. एकदल आणि द्विदल यांचा हा सगळा पाठ डोळे मिटून करता येतो. तो साऱ्या वर्गाने एकदा डोळे मिटूनच करावा.

रॅम्पचे गणित

रॅम्प हा शाळेच्या तपासणीतला एक रकाना आहे. 'आहे' किंवा 'नाही' एवढेच त्यात लिहायचे असते. विज्ञान शिकवणाऱ्याने त्या रकान्यावर समाधान मानू नये, कारण रॅम्प म्हणजे उतरण, आणि उतरण म्हणजे साध्या यंत्रांच्या पाठातले एक यंत्र.

प्रमाण असे आहे की, उंची १ असेल तर उतरणीची आडवी लांबी १२ हवी. शाळेचे जोते ४५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब लागतो. जागा वाचवण्यासाठी तो २.७ मीटरचा केला तर काय होईल? मूल आणि खुर्ची मिळून ६० किलोग्रॅम धरू. घर्षण सोडून दिले तर १:१२ च्या उतरणीवर खुर्ची वर ढकलायला सुमारे ४९ न्यूटन, म्हणजे साधारण ५ किलो वजन उचलण्याइतके बल लागते. १:६ च्या उतरणीवर ते सुमारे ९७ न्यूटन, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. ते मूल मग आपल्या हातांनी वर चढू शकत नाही. कोणीतरी ढकलावे म्हणून वाट बघत खाली थांबते. कागदावर दोन्ही शाळांत रॅम्प 'आहे'. एकीत मूल स्वतः वर्गात जाते, दुसरीत त्याला नेले जाते.

परभणीत यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पुरेसा पाया न घेता रॅम्प टाकला तर वर्षा-दोन वर्षांत तो जोत्यापासून सुटू लागतो आणि सांध्यात फट पडते. चार बोटांची फट आपण सहज ओलांडतो. खुर्चीची पुढची लहान चाके मात्र नेमकी तीतच अडकतात. पावसाळ्यात तर फाटकापासून जोत्यापर्यंतचा चिखलच पुरेसा असतो. रॅम्पच्या आधी मुरूम टाकून, दाबून केलेली पायवाट हवी. आठवीच्या मुलांनी टेप आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन आपल्या शाळेच्या रॅम्पची उंची व लांबी मोजावी, उतार काढावा, फट मोजावी आणि आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावेत. तो भौतिकशास्त्राचा प्रकल्प होईल, आणि अर्जही.

सहकार्य म्हणजे नेमके काय?

आज सहकार्य होतच नाही असे नाही. शिबिरे होतात, मोजमापे घेतली जातात, श्रवणयंत्रे आणि तीनचाकी सायकली वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. पण या साऱ्यात विज्ञानाचा शिक्षक कोठेच नसतो. विशेष शिक्षक शाळेत येतो, मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवून शिकवतो, नोंदवहीत सही करतो आणि पुढच्या शाळेला जातो. विज्ञानाच्या शिक्षकाला मूल ठाऊक नसते, विशेष शिक्षकाला पुढच्या आठवड्यातला प्रयोग ठाऊक नसतो. दोघेही आपले काम चोख करतात आणि ते मूल दोघांच्या मधल्या फटीत राहते.

यावर महागडा उपाय लागत नाही. विशेष शिक्षक शाळेत येईल त्या दोन दिवसांपैकी एका दिवशी दोघांनी अर्धा तास एकत्र बसावे आणि पुढच्या पाठातल्या प्रत्येक 'करून पहा'बद्दल तीन प्रश्न विचारावेत. या प्रयोगात पुरावा कोणत्या इंद्रियाला मिळतो? तोच पुरावा दुसऱ्या इंद्रियाला कसा देता येईल? मुलाने स्वतःच्या हाताने करायचा भाग कोणता? या बैठकीत मुलालाही बोलवावे. काय जमते आणि काय जमत नाही, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि नेमके त्यालाच आपण विचारत नाही. आईवडिलांनाही बोलवावे. शेतात वखरामागे चालणारे, घरी भाकरी थापणारे हे मूल काय काय करते ते ऐकले, तर शाळेतल्या त्याच्याविषयीच्या पुष्कळ समजुती बदलतील.

वर्गमित्रांविषयी एक सावधगिरी हवी. मदत करणारा मित्र फार चांगला असतो, आणि तोच कधी कधी सगळा प्रयोग आपल्या हातात घेतो. म्हणून कामे ठरवून द्यावीत: ओतायचे कोणी, मोजायचे कोणी, लिहायचे कोणी, आणि दर आठवड्याला ती फिरवावीत. ज्याचे बौद्धिक वय कमी आहे त्याला तेच मोजमाप पाच वेळा करायला द्यावे. विज्ञानात पुनरावृत्तीला मोल आहे. त्याचे पाच आकडे वर्गाच्या सरासरीत आले म्हणजे तो खरोखर सामील झाला.

जिल्ह्यात शाळेबाहेरही हात आहेत. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून तेथे आहे. 'परभणी क्रांती' भेंडी आणि 'परभणी शक्ती' ज्वारी ही त्याची वाणे शेतकऱ्यांना परिचित आहेत. या विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, आणि पूर्वी गृहविज्ञान व आता सामुदायिक विज्ञान या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालयही आहे. अवजाराची मूठ शेतकऱ्याच्या हाताला बसावी म्हणून अभ्यास करणाऱ्यांना परीक्षानळीची पकड थरथरत्या हाताला बसवणे अवघड नसावे. विद्यापीठ, आयटीआय, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांनी मिळून वर्षाला दहा प्रयोग जरी असे बदलून, करून पाहून, शाळांना दिले, तरी पाच वर्षांत पन्नास होतील. ते पाठ्यपुस्तकाच्या पानावर येण्याची वाट पाहावी लागू नये.

काही आक्षेप

'साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमणार?' हा आक्षेप रास्त आहे. पण वर सांगितलेला एकही प्रयोग एका मुलासाठी वेगळा करायचा नाही. तो साठांसाठी बदलायचा आहे. 'अभ्यासक्रम पुरा होत नाही' हाही आक्षेप खरा आहे. मात्र पाठ फक्त वाचून पुरा होतो तेव्हा तो डोळस मुलांचाही पुरा होत नाही, हे आपणही जाणतो.

सर्वांत गंभीर आक्षेप विशेष शाळांकडून येतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला सर्वसाधारण शाळेत सांकेतिक भाषा मिळत नाही, दृष्टिहीन मुलाला ब्रेल मिळत नाही. मग समावेशाच्या नावाखाली त्याचे होते तेही जाते, असे ते म्हणतात. हा इशारा आम्हाला पूर्ण मान्य आहे. ब्रेल आणि सांकेतिक भाषा येणारी माणसे जेथे आहेत त्या शाळा बंद करून समावेश साधणार नाही. त्या शाळांतले ज्ञान गावच्या शाळेत पोचवणे हेच तर विशेष शिक्षकाचे काम. आणि काही मुलांचे अपंगत्व इतके तीव्र असते की त्यांच्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय ठेवला आहे. पण तो पर्याय मुलासाठी आहे, शाळेच्या सोयीसाठी नाही. त्याचा वापर वाढू लागला तर कारण विचारले पाहिजे.

तात्पर्य, सूट ही शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे. एखाद्या प्रयोगातून मुलाला वगळण्यापूर्वी तो तीन प्रकारे बदलून पाहिला का, याची नोंद विज्ञानाच्या शिक्षकाने ठेवावी. बदलूनही जमले नाही तर ती नोंदही मोलाची आहे, कारण दुसऱ्या तालुक्यातला कोणी शिक्षक तेथून पुढे जाऊ शकेल. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पालम कोठेही असा एखादा प्रयोग आपण बदलला असेल, तर साहित्य, कृती, मुलाने स्वतः काय केले आणि काय फसले, एवढे लिहून या मासिकाकडे पाठवावे. वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनीही पाठवावे. ज्यांच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण आहे त्यांनी तर तिच्याबरोबर बसून, दोघांच्या नावाने पाठवावे.